मऊ पोत

हळदीच्या वखारीत पिवळं कोण कुणाला विचारतं?
ह्यांचे डोळे पिवळे पडले
तेव्हा सांगलीच्या यार्डात सौदे चालू होते.
पोती पिवळी, पापण्या, नखं, हिशेबाची वही,
अंघोळीचं पाणी तर बारा महिने पिवळंच.
मला कळलं ते लेंग्यावरच्या डागावरून.
हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो.
हा झाला नाही.

मिरजेला डॉक्टर मगदूमबाईंनी
माझ्याच बिलबुकाच्या मागं चित्र काढलं.
स्वादुपिंडाचं डोकं काढायचं,
बरोबर आतड्याचा वळसा, पित्ताशय, जठराचं टोक.
"काढणं हे अर्धं काम," म्हणाल्या.
मग आतड्याचं एक वेटोळं वर ओढून
त्याला तीन जागी जोडायचं:
उरलेलं स्वादुपिंड, पित्ताची नळी, जठर.

मी विचारलं, दोरा कुठला?

त्यांनी ड्रॉवरमधलं पाकीट फोडून दाखवलं.
जांभळा, केसापेक्षा बारीक,
नेढ्यात ओवायचा नाही,
सुईच्याच बुडातून उगवलेला.
वीस वर्षं पिको-फॉल करतेय,
असली सुई बघितली नव्हती.

"अडचण एकच. ग्रंथी मऊ आहे."
मऊ म्हणजे चांगलं ना?
"अंगाला चांगलं. शिवायला वाईट.
दुखण्यानं कडक झालेली टाका धरते.
निरोगी असते ती सुईला फाटते."

हे मला समजावून सांगायला नको होतं.
जॉर्जेटला फॉल लावताना मी बोलत नाही, कुणाला बोलूही देत नाही.
दोरा ओढला तर चुणी, सोडला तर फट,
आणि मधलं माप बोटांना असतं,
बोटं ते कुणाला सांगत नाहीत.

सकाळी आठला आत नेलं.
हातात काम नव्हतं
म्हणून पदराच्या काठावरचे टाके मोजले.
दुपारी अडीचपर्यंत
चारदा चुकले, चारदा पहिल्यापासून.
मग नर्सनं हाक मारली,
"पारिसा चौगुलेंचं कोण आहे?"

पोटातून दोन नळ्या बाहेर, टोकाला पिशव्या.
डोळ्यांत धरून ठेवायची मी रंग:
लाल, मग फिकट, मग ताकाच्या निवळीसारखा.
पाचव्या दिवशी करडा झाला.
पाणी तपासायला गेलं. जोड पाझरत होता.
बाई म्हणाल्या, हा रस वाटेत राहिला तर जेवण पचवतो,
वाट सोडली तर माणूस.

माझ्या दुकानात चुकलं तर उसवते.
इथं उसवायचं नव्हतं.
नळी राहू द्यायची, तोंडानं पाणी बंद,
आणि मऊ पोतानं आपणहून धरायची वाट बघायची.
एकोणीस दिवस.
विसाव्या दिवशी पिशवी कोरडी होती.
मी तरी ती उलटी करून बघितली.

घरी सोडताना कॅप्सूल दिल्या, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर.
ह्यांनी विचारलं, कशाच्या असतात?
बाईंनी लपवलं नाही.
डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात.

आमच्याकडं दिवे लागल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत.
रिक्षात हे बाहेर बघत राहिले,
मी औषधांच्या पिशवीला गाठ मारली, सोडली, परत मारली.

तीन दिवस बाटली फडताळात.
तीन दिवस जेवलेलं सगळं तसंच बाहेर,
वर तेलाचा तवंग,
आणि गळ्याखालची हाडं रोज थोडी जास्त.
मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, अजून कळत नाही.

चौथ्या दिवशी आमटी-भात वाढला
तर ताटाशेजारी वाटीत एक कॅप्सूल, ह्यांनीच ठेवलेली.
हात जोडले.
कुणाला, ते मी विचारलं नाही.
गिळली.

पावसाळा संपल्यावर वखारीत गेले,
पोतं उचलायला नाही, काट्याशेजारी नुसते बसायला.
संध्याकाळी बनियन धुवायला घेतलं.
पाठीवर मोठा पिवळा डाग.
साबण फिरवला.
लाल झाला.
परत फिरवला.